गृहनगर

केंद्र सरकारच्या सेवेत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत एक छोटेसे निवेदन लिहून द्यावे लागते. आपले गृहनगर कोणते, एवढेच त्यात सांगायचे असते. रजा प्रवास सवलतीच्या हिशेबासाठी सरकारला ही माहिती हवी असते; सरकारची जिज्ञासा त्यापलीकडे जात नाही. मात्र एकदा लिहून दिलेले गृहनगर अंतिम समजले जाते आणि ते बदलण्याची मुभा सबंध नोकरीत एकदाच मिळते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. कारकुनाचेही बिऱ्हाड पाठीवरच असते. गाव तेवढे सेवापुस्तिकेत सुरक्षित असते.

हे गाव खरे की नाही, अशी शंका आल्यास ती फेडण्याच्या चार कसोट्याही सरकारने घालून दिल्या आहेत, आणि त्यांचा क्रम आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. पहिली कसोटी अशी : घरगुती व सामाजिक कर्तव्यांसाठी त्या स्थळी कर्मचाऱ्याने अधूनमधून स्वतः जाणे आवश्यक आहे काय, आणि तो तसा जातो काय? ही उतरली नाही तरच दुसरी लावायची : तेथे त्याचे, किंवा तो ज्या एकत्र कुटुंबातला आहे त्या कुटुंबाचे, राहते घर आहे काय? तीही न उतरल्यास तिसरी : जवळचे आप्त तेथे राहतात काय? आणि अखेरची : नोकरीत येण्यापूर्वी काही वर्षे तो तेथे राहिला होता काय? घराच्या उताऱ्याआधी माणसाचे जाणेयेणे मोजावे, हे ज्या कोणा अधिकाऱ्यास सुचले तो आमच्यासारखाच घराबाहेर पडलेला असला पाहिजे.

आम्ही २०१३ साली त्या कागदावर वाई तालुक्यातील आमच्या गावाचे नाव लिहिले, तेव्हा लेखणी क्षणभरही अडखळली नाही. पुढे २०२३ साली दिल्लीच्या उत्तर टोकास, नरेला उपनगरात, आम्ही घर विकत घेतले; आणि ज्या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांपूर्वी एका ओळीत दिले होते तो पुन्हा समोर येऊन बसला.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील वाचकांना आमची ही अडचण कदाचित विचित्र वाटेल. त्यांचे पूर्वज सरदारांबरोबर गेले, तेथे वाडे बांधले, देव बसवले. त्यांच्या घराण्यांना परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. दिल्लीचा मराठी कारकून स्पर्धा परीक्षेच्या गुणपत्रिकेबरोबर येतो. त्याच्या मनात तो सदैव परतीच्या वाटेवर असतो. निवृत्तीस चोवीस वर्षे उरली असली, तरी गावाकडच्या आंब्यांना पाणी घालण्याची स्वप्ने त्यास आजच पडतात. अशा माणसाने दिल्लीत घर विकत घेणे म्हणजे काय, हे त्याच्या आधी त्याच्या गावाकडच्या मंडळींना कळते.

नरेल्यापूर्वी दहा वर्षे आम्ही बुराडीस बिऱ्हाड करून होतो. बुराडी म्हटल्यावर मराठी माणसास यमुनेचा घाट आठवतो. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे तेथे पडले. आजच्या बुराडीत मात्र त्या नावाने काही हलत नाही. ती वस्ती कोणी आखलेली नाही. शेतांचे तुकडे पडले, तुकड्यांवर खोल्या उठल्या, खोल्यांवर मजले चढले, आणि मध्ये उरले त्यास गल्ली म्हणावयाचे. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या सज्जांमधून वाटी देता येत असे, आणि दिलीही जात असे. एकाच जिन्याने तळमजल्याचे घरमालक, मधले आम्ही आणि गच्चीवरच्या खोलीतला हमाल वरखाली करीत. विजेच्या तारांच्या जाळ्यातून आकाश वितीएवढे दिसे. तक्रार अशी फार नव्हती. पण करार अकरा महिन्यांचा असे, आणि भिंतीस खिळा ठोकायचा नाही, हे त्यातले एक कलम होते. दहा वर्षे आमचे कालनिर्णय खिडकीच्या गजास सुतळीने बांधलेले राहिले. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिने काढलेली चित्रे कोठे लावायची, हा प्रश्न निघाला. मोठे निर्णय पुष्कळदा असल्याच क्षुल्लक निमित्ताने होतात.

सरकारी निवासस्थानाची आशा आम्ही बाळगली नव्हती असे नाही. परंतु प्रतीक्षायादी लांब. त्यातच सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसारख्या सात जुन्या सरकारी वसाहती पाडून नव्याने उभारण्यास २०१६ साली मान्यता मिळाली, आणि ज्या बैठ्या घरांच्या अंगणांत कारकुनांच्या दोन-तीन पिढ्यांनी तुळशी लावल्या ती अंगणे एकामागून एक नाहीशी झाली. शिवाय, आमच्या पत्नीचे म्हणणे असे, की सरकारी घर हे शेवटी मोठ्या मालकाचे बिऱ्हाडच. निवृत्त झाल्यावर किल्ली परत द्यावी लागते. बिऱ्हाड आणि घर यांतला हा फरक हिंदीत एका शब्दात सांगता येत नाही, हे आम्हांस दिल्लीत आल्यावर कळले.

दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ साली स्थापन झाले, पहिला बृहद् आराखडा १९६२ साली अमलात आला. त्या आराखड्यात दिल्लीभोवतीची सात गावे 'वलय नगरे' म्हणून ठरवली होती. गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, बल्लभगड, बहादूरगड, लोणी, आणि सातवे नरेला. पहिल्या तिघांचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. नरेला आपले धान्याची मंडई सांभाळून बसून राहिले. १९९० साली दुसरा आराखडा आला, त्यात रोहिणी आणि द्वारका यांच्या जोडीने नरेल्यासही उपनगर म्हटले गेले. म्हणजे आमच्या वडिलांनी मुळाक्षरे गिरवली त्या सुमारास आमच्या घराची जागा कागदावर ठरू लागली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

जुन्या पिढीतल्या दिल्लीकरांच्या घराच्या कहाण्या या सोडतीच्या कहाण्या असतात. रोहिणीच्या भूखंडांसाठी १९८१ साली ८२ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती, आणि त्यांतल्या काहींची तीन दशके वाट पाहण्यात गेली. अर्ज वडिलांचा आणि भूखंड नातवाच्या लग्नात, असे आमच्या कचेरीतले एक ज्येष्ठ सहकारी सांगत. आमच्या वाट्यास तसले नाट्य आले नाही. नरेल्यात हजारो सदनिका घेणाऱ्यांवाचून उभ्या होत्या, आणि २०२३ मध्ये त्या 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वाने दिल्या गेल्या. आम्ही रविवारी जाऊन पाहिले, रात्री विचार केला आणि संगणकावर घर नोंदवले. इतक्या शांतपणे इतके मोठे कर्ज होते याचे आम्हांस आजही नवल वाटते.

किंमत सुमारे २३ लाख. आमच्या ज्येष्ठांना भविष्य निर्वाह निधीचा आधार असे. १ जानेवारी २००४ नंतर सेवेत आलेल्यांना तो निधी नाही. गृहबांधणी अग्रिम मात्र आहे : २०१७ च्या नियमांप्रमाणे चौतीस महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख, यांपैकी जे कमी असेल ते. आमच्या ३२,३०० रुपयांस ३४ ने गुणले असता १० लाख ९८ हजार २०० होतात. हा गुणाकार आम्ही किती वेळा केला असेल त्यास गणती नाही. उत्तर कधी बदलले नाही. उरलेली रक्कम बँकेचे कर्ज, पत्नीची शिकवण्यांतली शिल्लक आणि तिच्या माहेरच्या पाटल्या यांनी भरून काढली. अग्रिमाचा एक नियम आम्हांस विशेष आवडतो. फेडीचे हप्ते प्रथम मुद्दलाचे, १८० पर्यंत. व्याजाचे त्यानंतर, ६० पर्यंत. एरवी जगात सावकार व्याज आधी कापतो. आणि कर्ज फिटेपर्यंत घर गहाण राहते ते भारताच्या राष्ट्रपतींकडे. आग, पूर आणि वीज यांविरुद्ध त्याचा विमाही उतरवावा लागतो. गहाणखतावर सही करताना आमच्यासारख्याचा आणि राष्ट्रपतींचा असा प्रत्यक्ष व्यवहार होतो आहे हे पाहून ऊर किंचित भरून आला, हे लपविण्यात अर्थ नाही.

घरात गेल्यावर प्रथम खिळा ठोकला.

आखलेल्या उपनगरात राहू लागणे हा एक चमत्कारिक अनुभव आहे. रस्ते आमच्या गावच्या ओढ्याहून रुंद, आणि उन्हाळ्यातल्या ओढ्याइतकेच रिकामे. शाळेची जागा, दवाखान्याची जागा, बाजाराची जागा, हरित पट्टा, सारे नेमून दिलेले आहे. जागा आहेत, त्यांवर यावयाचे ते हळूहळू यावयाचे आहे. रिठाला ते नरेला आणि पुढे कुंडली अशा मेट्रोमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ डिसेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. सुमारे साडेसव्वीस किलोमीटर, २१ स्थानके. आमच्या इमारतीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. वस्तीचे विभाग सेक्टरांत आणि सेक्टरांचे भाग 'पॉकेटां'त केलेले आहेत. आमचा पत्ता पहिल्यांदा पत्रावर पाहून वडील म्हणाले होते, "राहण्याच्या जागेला खिसा म्हणतात होय रे तिकडे?" आणि हे खिसेही उत्पन्नाप्रमाणे वेगळे शिवलेले : दुर्बल गटाचा निराळा, आमच्या अल्प उत्पन्न गटाचा निराळा, मध्यमांचा निराळा. बुराडीच्या त्या एका जिन्यावर ही सारी मंडळी रोज एकमेकांस वाट देत असत. आखणी करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसावे. पण माणसांना उत्पन्नाच्या रांगा करून बसविले, की वाटी कोणाकडून कोणाकडे जाणार?

असो. या वस्तीत एक गोष्ट मात्र अशी आहे की जी आम्ही पहाडगंज-करोलबागेतल्या मराठी वर्तुळात, नूतन मराठी शाळेच्या समारंभात किंवा बृहन्महाराष्ट्र भवनाच्या कार्यक्रमात कधी अनुभवली नव्हती. येथे कोणी मूळचा नाही. वरच्या मजल्यावर गढवालचे कुटुंब, समोर मधुबनीचे, खाली एक केरळी परिचारिका. 'आप कहाँ के हैं?' हा प्रश्न दिल्लीत इतरत्र विचारला की विचारणारा घरचा असतो आणि उत्तर देणारा पाहुणा. आमच्या जिन्यात दोघेही पाहुणे. पहिल्या गणेशचतुर्थीस आरतीला सारा जिना आला, आणि आरतीचे शब्द कोणालाच येत नसल्यामुळे सर्वांनी टाळ्या फार मनापासून वाजविल्या.

कोणी मूळचा नाही, असे आम्ही वर म्हटले खरे. ते सहा महिनेच टिकले. त्यानंतर आमच्याकडे दूध येऊ लागले.

दूधवाला सत्तरीच्या घरातला जाट शेतकरी आहे. शेतकरी होता असे म्हणावयास हवे. तो शेजारच्या गावातून सायकलीवर येतो. दिल्लीच्या या गावांभोवती इंग्रज अमदानीत, १९०८ च्या सुमारास, महसुली नकाशांवर तांबडी रेघ ओढून गावठाण वेगळे दाखवले गेले. त्यास अद्याप 'लाल डोरा' म्हणतात. रेघेच्या आत घरे, बाहेर शेते. १९६१ पासून राजधानीच्या विस्तारासाठी जमिनी मोठ्या प्रमाणावर संपादन करण्याचे धोरण आले, आणि कालांतराने रेघेबाहेरचे सारे गेले. रेघ तेवढी उरली. म्हाताऱ्याच्या जमिनीचे पैसे मिळाले. त्यांतून मुलांनी लाल डोऱ्याच्या आत खोल्या बांधून भाड्याने लावल्या. म्हशी दोन राखल्या आहेत, त्या त्याच्या स्वतःच्या हट्टाने.

हा मनुष्य आमचा सेक्टर किंवा पॉकेट जाणत नाही. एके दिवशी त्याने दूध घालता घालता दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता आम्हांस सांगितला, तो असा : जांभळीपलीकडे, कुएँवाल्या खेतात, तिसरी इमारत. जांभूळ तेथे नाही. विहीरही नाही, ती बुजवून तेथे वाहने लावण्याची जागा केली आहे. आम्ही कुतूहलाने विचारले, की मग आमची इमारत कोठे आहे? त्याने जिन्यातून बाहेर वाकून पाहिले, जणू खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "गोभी में।" थंडीत तेथे फ्लॉवर होत असे. गहू पलीकडे, रस्ता आहे तेथे. मग त्याने आपण होऊन विचारले, "थारा गाम कुण सा सै?"

आम्ही सातारा म्हटले, वाई म्हटले, कृष्णेचे नाव सांगितले. त्यास त्यातले काही कळण्याचे कारण नव्हते. त्याने एवढेच विचारले, "जमीन सै?" आहे, असे आम्ही म्हटले. थोडी आहे. तो समाधानाने मान हलवून गेला. सरकारच्या दुसऱ्या कसोटीत आणि या म्हाताऱ्याच्या प्रश्नात फारसा फरक नव्हता; पण त्याच्या तोंडून तो प्रश्न ऐकताना आम्ही त्याच्याच फ्लॉवरमध्ये उभे होतो, ही गोष्ट दिवसभर मनातून गेली नाही. जमीन कायद्याने घेतली गेली, घर आम्ही रीतसर पैसे मोजून घेतले, कोठे कागद अपुरा नाही. तरीही त्या दिवसापासून आम्ही पत्ता सांगताना मनातल्या मनात त्याचा पत्ताही म्हणून घेतो.

वास्तुशांतीस २०२४ च्या फेब्रुवारीत अण्णा, म्हणजे आमचे वडील, आले. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे इतिहास शिकवलेला मनुष्य. दिल्लीहून सोनिपत-पानिपतकडे जाणाऱ्या गाड्या नरेल्यास थांबतात. आम्ही रोज त्याच गाड्यांनी कचेरीस जातो येतो. स्थानकावर पानिपतच्या गाडीची घोषणा झाली आणि अण्णा बाकावरून उठून उभे राहिले. ज्या नावावर त्यांनी दरवर्षी तास घेतला त्या गावास लोक डबे आणि पिशव्या घेऊन जात होते. "तू रोज या गाडीत बसतोस?" त्यांनी विचारले. "बसायला जागा मिळत नाही, अण्णा, उभाच असतो," असे आम्ही म्हटले, तेव्हा ते हसले. पुढे एका रविवारी त्यांना काला आंब येथील स्मारक दाखवून आणले. ते तेथे बराच वेळ उभे होते. परतताना बोलले ते १७६१ विषयी नव्हते.

"घर चांगले आहे. हवा आहे, उजेड आहे," ते म्हणाले. आणि मग, खिडकीबाहेर पाहत, "धाकट्याचा विचार आहे वाडा पाडून नवे बांधायचा. बँक कर्ज देईल म्हणते, पण उताऱ्यावर तुझेही नाव लागते म्हणून अडले आहे. हक्कसोडपत्र करून देशील तर त्याचे काम होईल. तुझे आता तिकडे झालेच आहे."

तिकडे. अण्णा त्या वेळी आमच्या शेजारी, हरियाणा आणि दिल्ली यांच्या सीमेवर, आमच्याच गाडीत बसले होते. तरी आमचे घर त्यांच्या भाषेत तिकडे होते, आणि ज्या वाड्याविषयी ते बोलत होते तो पंधराशे किलोमीटरांवर असूनही इकडे. त्यांच्या मनात दुजाभाव नव्हता. धाकटे बंधू गावी राहिले, शेती त्यांनी राखली, आईच्या शेवटच्या आजारात रात्री त्यांनी काढल्या. वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली तेव्हा ताडपत्री त्यांनीच बांधली. मागणी न्याय्य होती. आम्ही 'हो' म्हटले, आणि 'हो' म्हणताना आवाज नीट राहिला, असे पत्नी सांगते.

त्यानंतर आम्ही कचेरीत बसून, कारकुनाच्या सवयीने, प्रकरण तपासून पाहिले. हक्कसोडपत्र झाल्यावर दुसरी कसोटी जाईल. तिसरी अण्णांच्या आणि बंधूंच्या आयुष्यावर अवलंबून. चौथी बदलत नाही. अठरा वर्षे आम्ही तेथे राहिलो होतो, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. गृहनगर बदलून दिल्ली करावे, तर कचेरी दिल्लीतच असल्यामुळे त्या सवलतीस अर्थ राहत नाही. राहिली पहिली. घरगुती व सामाजिक कर्तव्यांसाठी आमचे तेथे जाणे आवश्यक आहे काय? भाऊबीज, गावची यात्रा, आईचे वर्षश्राद्ध. आणि आता, बंधूंच्या बँकेसाठी, आमची सही. पत्नीने यादी वाचली आणि विचारले, की पुढच्या वर्षी यांत काय लिहाल? मुलीस विचारले तर ती सरळ नरेला म्हणते. तिची सगळी चित्रे येथील भिंतीवर आहेत.

गोवा एक्सप्रेसची सातारपर्यंतची तीन तिकिटे काढली आहेत. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतली वेळ बंधूंनी घेऊन ठेवली आहे, आणि येताना दिल्लीच्या घराचा नकाशा घेऊन ये, नव्या घराचे स्वयंपाकघर तसेच उजेडाचे करायचे आहे, असा त्यांचा निरोप आहे. दूधवाल्यास काल सांगितले, की दहा दिवस दूध नको. त्याने कारण विचारले नाही. गाव म्हटल्यावर ते त्याला कळलेच. उलट म्हणाला, की पेरणीचे दिवस असतील तर दहा दिवसांत कसे भागेल.